जाळी, दोरी आणि सामन्याकडे पाठ करून बसणारा माणूस

रविवारी संध्याकाळी आमच्या भागातल्या मैदानावर फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना पेनल्टी शूटआउटपर्यंत गेला आणि शेवटचा चेंडू गोलात शिरताच तीन-चारशे पोरे चुन्याची रेघ ओलांडून आत धावली. कुणी गोलरक्षकाला खांद्यावर घेतले, कुणी हरलेल्या संघासमोर जाऊन नाचले, आणि या गोंधळात रेफ्रीचे काम करणाऱ्या शिक्षकाला धक्का लागून त्याचा चष्मा फुटला. कुणाला दुखापत झाली नाही; तरीही सोमवारी रात्री पार्क चौकाजवळच्या आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघणे शक्य नव्हते. अंतिम सामना येत्या रविवारी आहे आणि संयोजकांपैकी दोघे आमच्याच कट्ट्यावरचे आहेत, त्यामुळे त्या रात्रीच्या वादाला एरवीपेक्षा अधिक धार होती. तो आठवतो तसा मांडतो.

जाळीचा प्रस्ताव अर्थातच फौजदारांनी मांडला. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षे झाली, पण सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेपासून निवडणुकीच्या सभांपर्यंत ज्यांचे सारे आयुष्य बंदोबस्तात गेले त्यांना गर्दी म्हटली की आधी कुंपण आठवते, यात नवल नाही. मैदानाभोवती आठ फुटांची जाळी उभारावी, आत जायला एकच दार ठेवावे, त्याला कुलूप लावावे आणि किल्ली जबाबदार माणसाच्या खिशात असावी, असे त्यांचे म्हणणे होते. "माणूस आत जाऊच शकला नाही, तर त्याला बाहेर काढायचा प्रश्न येतो कुठे?" असे त्यांनी विचारले तेव्हा आमच्यापैकी दोघांनी मान डोलावली. त्यात मीही होतो, हे कबूल केले पाहिजे.

फारूकने मात्र मान डोलावली नाही. कोल्हापुरात शिकायला असताना याने चार वर्षे शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून पाटाकडील आणि खंडोबा तालमीचे सामने पाहिले. पदवी नेमकी कधी मिळवली, हे त्यालाही नीट सांगता येत नाही. तो म्हणाला, "साहेब, ही जाळी इंग्लंडने लावून पाहिली आहे, आणि काढूनही टाकली आहे."

प्रेक्षकांच्या हाणामाऱ्यांना कंटाळून तिथल्या अनेक मैदानांवर 1970 च्या दशकात प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये उंच जाळ्या उभ्या राहिल्या होत्या. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कप या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना होता. बाहेर फिरत्या दारांपाशी चेंगराचेंगरी होऊ लागली म्हणून एक मोठे फाटक उघडण्यात आले आणि आलेला लोंढा बोगद्यातून थेट उभ्या प्रेक्षकांसाठी जाळ्यांनी पाडलेल्या मधल्या दोन कप्प्यांत शिरला, जे आधीच गच्च भरलेले होते. कडेच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे वळा असे सांगायला बोगद्याच्या तोंडाशी कुणी नव्हते. पुढची माणसे जाळीवर दाबली जाऊ लागली. सामना सुरू होऊन सहा मिनिटांनी थांबवला गेला, आणि त्या दिवशीच्या जखमांनी अखेरीस 97 जणांचा बळी घेतला. फारूक इथे थांबला आणि मग म्हणाला, "यातली सर्वांत वाईट गोष्ट वेगळीच आहे. जीव वाचवण्यासाठी माणसे जाळीवर चढू लागली, तेव्हा पोलिसांना प्रथम वाटले की हे मैदानात घुसायला निघाले आहेत."

फौजदार गप्प बसणारे नव्हेत. चूक जाळीची नसून माणसे आत सोडणाऱ्यांची होती, बोगद्याच्या तोंडाशी दोन हवालदार उभे असते तर जाळी असूनही कुणाला खरचटले नसते, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. फारूकचे उत्तर असे की चूक तर कधी ना कधी होणारच; ती झाल्यावर माणसाला निसटायला कोणती वाट उरते, ते पाहायचे. त्याने चार वर्षे आधीचे उदाहरण दिले. 11 मे 1985 रोजी ब्रॅडफर्डच्या मैदानावर जुन्या लाकडी स्टँडला आग लागली आणि पाच मिनिटांच्या आत सगळा स्टँड पेटला. मागची दारे बंद होती, आणि जे त्या दिशेने गेले त्यांच्यापैकी अनेक जण तिथेच गेले. एकूण 56 माणसे दगावली. पण त्या स्टँडपुढे जाळी नव्हती, बुटकी भिंत होती, आणि ती ओलांडून हजारो लोक हिरवळीवर आले म्हणून वाचले. "त्या दिवशी ते सगळे मैदानात घुसलेच होते ना, साहेब?"

यावर फौजदारांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिले.

हिल्सबरोच्या चौकशीचा न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी 1990 मध्ये आला आणि त्यानंतर तिथल्या जाळ्या उतरल्या. पण म्हणून मैदान मोकळे सोडले गेले नाही, हे आमच्याकडे सांगताना लोक विसरतात. 1991 च्या कायद्याने परवानगी किंवा रास्त कारण नसताना मैदानावर पाऊल ठेवणे हाच गुन्हा ठरला, आणि सीमारेषेलगत स्टुअर्ड बसू लागले. जाळीचे काम असे कायद्याने आणि माणसाने वाटून घेतले.

"पण हा स्टुअर्ड करतो काय?" असे अण्णांनी विचारले. अण्णांचा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय आहे; फुटबॉलमध्ये दोन्हीकडे अकरा-अकरा माणसे असतात, एवढीच त्यांची त्या खेळाशी ओळख. फारूकने सांगितले की तो भडक रंगाचे जाकीट घालून मैदानाकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड करून बसतो. मागे गोल झाला तरी तो वळून पाहत नाही. कुठे रेटारेटी वाढली, कुणाचा चेहरा पांढराफटक पडला, कोण जिन्यात उभे राहून वाट अडवतो आहे, कोण चपलांचे बंद आवळून उडी मारायच्या बेतात आहे, हे त्याने पाहायचे आणि वॉकीटॉकीवर कळवायचे. सामना संपत आला की आणखी स्टुअर्ड खाली येऊन कडेने रांग धरतात. कुणी एकटा आत पळालाच, तर सगळ्यांनी त्याच्यामागे धावायचे नसते. ठरलेले दोघे-तिघे त्याला गाठतात आणि बाकीचे जागा सोडत नाहीत, कारण सगळे त्या एकामागे गेले की उरलेल्यांना मैदान मोकळेच मिळते.

"म्हणजे आपला चोपदारच की, मालक," अण्णा म्हणाले.

आम्ही हसलो, पण अण्णा हसत नव्हते. दर आषाढीला माळशिरसच्या बाजूला ते पालखीला सामोरे जातात आणि गोल रिंगण चुकवत नाहीत. त्यांनी सांगितले की लाखभर माणसांना रिंगणाभोवती धरून ठेवायला तिथे लोखंडी कठडा नसतो. दिंड्या कुठे उभ्या राहतील हे चोपदार ठरवतात, आणि पहिली रांग टाळकरी-पताकावाल्यांची, म्हणजे गर्दीतल्याच माणसांची असते. समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की टाळ-मृदंगासह सगळा समाज चिडीचूप होतो. आणि रिंगणात शेवटी काय होते? अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे आत धावतातच. "ते धावणे ठरलेले असते. कधी धावायचे ते सगळ्यांना माहीत असते, म्हणून आधी कुणी धावत नाही."

घोड्याचे नाव निघताच फारूकने 1923 सालचा वेम्बलीचा सामना काढला. नव्या स्टेडियमच्या पहिल्याच एफए कप अंतिम सामन्याला अधिकृत आकड्यापेक्षा, म्हणजे सव्वा लाखाहून, कितीतरी अधिक लोक आले आणि हिरवळच दिसेनाशी झाली. त्यांना मागे सारण्याच्या कामात जॉर्ज स्कोरी नावाचा शिपाई आणि त्याचा बिली हा घोडा अजरामर झाले. बिली खरे तर करड्या रंगाचा, पण चित्रफितीत पांढरा दिसला आणि सामन्यालाच पांढऱ्या घोड्याचे नाव पडले. पाऊण तास उशिराने सामना झाला आणि बोल्टनने वेस्ट हॅमला 2-0 ने हरवले. प्रेक्षक तेव्हा चुन्याच्या रेघेला चिकटून उभे होते. फौजदारांना हा किस्सा फार आवडला, कारण त्यात पोलीस नायक होता.

पण लगेच त्यांनी आपली बाजू सावरली. वारीतला माणूस भक्तीने आलेला असतो, सामन्याला आलेल्या प्रत्येकाच्या मनात काय आहे याची खात्री कोण देणार, असे त्यांनी विचारले. 30 एप्रिल 1993 रोजी हॅम्बर्गमध्ये टेनिसपटू मोनिका सेलेस खेळाच्या मधल्या विश्रांतीत खुर्चीवर बसली असताना प्रेक्षकांतून आलेल्या एकाने तिच्या पाठीत सुरी खुपसली. अहमदाबादला 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एक तरुण थेट विराट कोहलीपर्यंत पोहोचला आणि त्याने कोहलीच्या खांद्यावर हात टाकला. "त्याच्या हातात काही नव्हते, हे आपले नशीब. बंदोबस्त नशिबावर चालत नाही."

फारूकलाही इथे माघार घ्यावी लागली, आणि त्याने ती प्रामाणिकपणे घेतली. उलट फौजदारांच्या बाजूचे उदाहरण त्यानेच पुरवले. मे 2022 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने शेफील्ड युनायटेडला पेनल्टींवर हरवले आणि आनंदाच्या भरात हजारो लोक आत आले. त्यातल्या एकाने धावत येऊन कडेला उभ्या असलेल्या बिली शार्प या खेळाडूला डोक्याने धडक दिली आणि त्याला 24 आठवड्यांचा तुरुंगवास झाला. आनंदाने नाचणाऱ्या हजारांच्या आडून एकटा रागावलेला माणूस असा पोहोचतो. आमच्या रेफ्रीच्या चष्म्याचे काय झाले, ते मग नव्याने समजले.

यापुढे मात्र मला गप्प राहवले नाही. एकट्या माणसाला पकडलेच पाहिजे, पण कसे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. जानेवारी 1975 मध्ये वानखेडेवरच्या पहिल्याच क्रिकेट कसोटीत वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडचे द्विशतक झाले तेव्हा एक तरुण त्याचे अभिनंदन करायला आत धावला. पोलिसांनी त्याला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बडवले आणि तोवर शांत असलेले स्टँड पेटून उठले. लिमामध्ये 24 मे 1964 रोजी पेरू-अर्जेंटिना सामन्यात हाच प्रकार कितीतरी भीषण झाला. गोल नाकारला म्हणून दोन प्रेक्षक आत धावले, पोलिसांच्या मारामुळे लोक खवळले, स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला गेला, आणि जिन्यांच्या तळाशी बंद असलेल्या लोखंडी शटरांवर माणसे चिरडली. अधिकृत आकडा 328 आहे. इंडोनेशियातल्या मलंग इथे 1 ऑक्टोबर 2022 रोजी पुन्हा तेच घडले. यजमान संघ हरला, लोक मैदानात उतरले, अश्रुधूर स्टँडमध्येही सोडला गेला आणि 135 जण गेले, त्यांपैकी बहुतेक बाहेर पडण्याच्या दारांपाशी. मैदानाच्या बंदोबस्तात असा धूर वापरू नये, हे फिफाच्या नियमांत आधीपासून लिहिलेले होते. या दोन्ही ठिकाणी जे मैदानावर धावले ते नव्हे, तर जे बाहेर पडायला निघाले ते मेले, हे मला फौजदारांना सांगायचे होते. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग आपल्या मैदानाचे फाटक किती रुंद आहे?"

प्रश्न नेमका होता, आणि त्याचे उत्तर फक्त अण्णांकडे होते, कारण त्यांचा बल्ल्यांचा ट्रक त्याच फाटकातून आत जातो: दहा फूट, म्हणजे साधारण तीन मीटर. ब्रिटनच्या मैदान-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेवरून मिनिटाला दर मीटर रुंदीमागे 82 माणसे बाहेर पडतात असे धरले आहे, आणि संकटात मैदान रिकामे व्हायला जास्तीत जास्त आठ मिनिटे दिली आहेत. फारूकने मोबाइलवर हिशेब केला. तीन मीटरच्या फाटकातून आठ मिनिटांत दोन हजारांहून थोडे कमीच लोक निघतात. अंतिम सामन्याला आम्ही चार हजारांची अपेक्षा धरली आहे. शिवाय त्या फाटकात निम्म्या जागेत भजी आणि कुल्फीच्या गाड्या लागतात, ज्या लावायला परवानगी आमच्याच संयोजकांनी दिली आहे. आठ फुटी जाळीचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

फौजदारांनी स्वतःच कागद मागवला. गाड्या रस्त्यापलीकडे जातील आणि मागच्या भिंतीतले बंद फाटक उघडून तिथे एक माणूस उभा राहील. कडेला लोखंडी कठड्याऐवजी अण्णांचा दोरखंड कमरेइतक्या उंचीवर असेल. सहज ओलांडता येऊ नये पण वेळ पडली तर कापता यावा, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर कोयता ठेवायची सूचनाही फौजदारांचीच. शिट्टी वाजली की दोन्ही संघ आणि रेफ्री आधी शाळेच्या इमारतीत जातील, मग लाउडस्पीकरवर सांगून दोरी सोडायची आणि पोरांना नाचू द्यायचे. हे अण्णांचे रिंगण. दोघा-तिघांनी तक्रार केली की विजेता संघच नसेल तर पोरे नाचतील कुणाभोवती, आणि तिला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. चषक घेऊन कर्णधार परत येईल, एवढ्यावर तूर्त भागले.

शेवटी अडले ते दोरीलगत बसणाऱ्या सोळा माणसांपाशी. चार हजारांना सोळा, म्हणजे अडीचशेमागे एक, असा हिशेब फारूकने घातला होता. नावे लिहायला घेतली तर प्रत्येक जण तयार होता, पण सामन्याकडे पाठ करून बसायचे म्हटल्यावर एकेक जण मागे सरला. सर्वांत आधी फारूक.

"माझे नाव लिहा," अण्णा म्हणाले. "मला तसेही त्यातले काही कळत नाही."