मडमा आल्या म्हणून बीब्या गेल्या? आधी तारखा बघा

ब्रिटिश काळावरची मालिका आली की एक मजकूर हमखास फिरतो: गोरे साहेब हिंदुस्थानी बीबीबरोबर, म्हणजे बहुधा लग्नाविना घरात ठेवलेल्या इथल्या बाईबरोबर, सुखाने नांदत होते, सुएझ कालवा झाला, जहाजं भरून मडमा आल्या आणि मत्सरापायी त्यांनी बीब्यांना हाकललं. यातलं जवळपास सगळं चूक आहे, आणि दोष नको त्याच्या माथी बसतो.

कालवा खुला झाला नोव्हेंबर १८६९ मध्ये. बंगालमधल्या इंग्रजांच्या मृत्युपत्रांत मात्र १७८०-८५ दरम्यान तीनांतल्या एकात बीबीसाठी काही ठेवलेलं सापडतं, १८३० पर्यंत सहांतल्या एकात, आणि शतकाच्या मध्याला हा उल्लेखच जवळपास संपतो.

मग घरं मोडली कशाने? नोकरीच्या नियमांनी. १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ठरवलं की आईबापांपैकी एक जण हिंदुस्थानी असेल, तर त्या मुलाला मुलकी, लष्करी वा आरमारी सेवेत जागा नाही. १७९५ पासून अशांना फौजेत बाजेवाला किंवा नालबंद एवढंच होता येई. त्यामुळे ऐपतीचे बाप मुलांना लहानपणीच विलायतेला धाडत. हैदराबादचा रेसिडेंट, म्हणजे तिथल्या दरबारातला कंपनीचा वकील, जेम्स कर्कपॅट्रिक याने तर खैरुन्निसाशी रीतसर निका लावला होता. तरी १८०५ मध्ये दोन्ही मुलं जहाजावर चढली, त्याच वर्षी तो कलकत्त्यात वारला, आणि त्या माउलीला मुलं पुन्हा कधी दिसली नाहीत. या घरात मडम होती कुठे?

पुण्याचंच बघा. पेशवे दरबारातला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याला अंबर कौर या बीबीपासून तीन मुलं होती. तो मायदेशी परतला आणि १७९९ मध्ये चित्रकार जेम्स वेल्सच्या मुलीशी, सुझानाशी, लग्न करून मोकळा झाला. बीबीला कुणी हाकललं नाही. साहेबच निघून गेला.

राहिला मडमेचा दरारा. कायदा तरी तिच्या बाजूने होता का? १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ४९७ परक्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद सांगे, पण तक्रार त्या बाईच्या नवऱ्याची लागे. साहेबाची बीबी विधवा वा अविवाहित असेल तर गुन्हाच नाही. घटस्फोटाचा कायदा आला तो कालव्याच्याच वर्षी, १८६९ मध्ये. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध करावा लागे. बायकोला मात्र सर्वसाधारणपणे व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचंही दाखवावं लागे. नुसती बीबी ठेवली, एवढ्यावर मडमेला काडीमोडही मिळत नव्हता.