आत्या, हलू नकोस!

रेंजफाइंडर कॅमेऱ्याचा स्वभाव सांगायचा तर तो आपल्याला काहीही सांगत नाही. एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, भिंगाला दिसतं तेच आपल्याला दिसतं. फोकस चुकला की समोरचा माणूस धूसर होतो आणि आपण सावध होतो. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी आणि फोटो काढणारं भिंग वेगळं. खिडकीतून जग कायम लख्ख. फोकस बोंबललेला असो, आत रोलच नसो, भिंगावर झाकण तसंच असो, खिडकीत सगळं आलबेल.

मी घेतला तो याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन. १९७३ साली निघालेलं हे जपानी मॉडेल, वजन पाऊण किलोच्या घरात. पुण्याच्या जुन्या बाजारात एका पथारीवर, इस्त्री आणि नळाच्या तोट्या यांच्या मधोमध तो बसला होता. या जातीच्या कॅमेऱ्याची एक परीक्षा असते. रोल पुढे सरकवायचा खटका ओढला की आतून ‘ठक’ असा आवाज यायला हवा. नाही आला, तर आतली रबराची चकती झिजली असं समजायचं. म्हणून मी तो नारळासारखा कानाशी धरून खटका ओढत राहिलो. विक्रेता बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, “सायेब, रेडिओ नाय तो.”

ठक आवाज आला. पैसे दिले. घरी आल्यावर कळलं की याला लागणारी ५.६ व्होल्टची बॅटरी पाऱ्याची असते आणि पाऱ्याच्या बॅटऱ्या बंद होऊन जमाना झाला. बॅटरीशिवायही तो चालतो, पण मग प्रत्येक फोटो सेकंदाच्या पाचशेव्या भागात उरकतो, म्हणजे भर दुपारी मैदानात उभं राहायची तयारी हवी. जाणकारांचा तोडगा असा: सहा व्होल्टची छोटी बॅटरी घ्यायची, तिला पुठ्ठ्याची गुंडाळी करायची आणि उरलेल्या जागेत स्प्रिंग कोंबायची. मी जुन्या टॉर्चची कोंबली. मागचं बटण दाबल्यावर हिरवा दिवा लागला तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “काय, मुलगा झाला?”

खरं मैदान गाजलं ते आत्याकडच्या सत्यनारायणाला.

फोकस करायची पद्धत अशी. खिडकीच्या मध्यभागी एक पिवळसर चौकोन असतो आणि त्यात समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाची कडी फिरवत त्या एकमेकींवर आणून बसवायच्या. बसल्या की फोकस झाला. मात्र दोन प्रतिमा आडव्या सरकतात, त्यामुळे जुळवायला उभी रेघ लागते. चौरंगाला बांधलेला केळीचा खुंट पहिल्या झटक्यात जुळला. काय तो खुंट, काय ती त्याची कड! पण मला काढायची होती आत्या, आणि आत्याच्या गोल, प्रसन्न चेहऱ्यावर उभी रेघ म्हणून औषधालाही नाही. शेवटी चष्म्याची काडी पकडली. काड्या दिसल्या दोन. एक कानावर आणि दुसरी हवेत. कडी फिरवली, हवेतली काडी कानाकडे निघाली, पोचणार एवढ्यात गुरुजी साधुवाण्यापर्यंत आले आणि आत्याने मान डोलावली.

“आत्या, हलू नकोस.”

“कथा चालू आहे रे, डोलायला नको?”

खोलीत उजेड बेताचा, म्हणून भिंग १.७ पर्यंत सताड उघडलेलं. मीटरभर अंतरावरून एवढ्या उघड्या भिंगाला जेमतेम दोन इंचांची पट्टी स्पष्ट दिसते. आत्या डोलत होती चार इंच. साध्या गणिताने पाहिलं तरी अर्धा वेळ ती पट्टीबाहेर.

त्यात दिवे. हा कॅमेरा शटर किती वेळ उघडायचं ते स्वतः ठरवतो आणि आकडा कोणालाही कळू देत नाही. उजेड कमी पडला तर पिवळा दिवा, जास्त झाला तर लाल, एवढंच बोलणं. पण हेच दिवे कॅमेऱ्याच्या माथ्यावरही लागतात आणि सगळ्या खोलीला दिसतात. मी बटण अर्धं दाबलं की भाचा खणखणीत आवाजात सांगायचा, “पिवळा! थांब!” मग कथा थांबायची.

आणि आवाज. या कॅमेऱ्याचं शटर भिंगाच्या आत पाकळ्यांचं असतं, त्यामुळे जो होतो त्याला आवाज म्हणणं धाडसाचंच. फोटो निघाला तरी समोरच्याला पत्ता नाही. आत्या हसरा चेहरा धरून बसून राहिली.

“काढतोस ना?”

“काढला.”

“कधी?”

“मघाशीच.”

“दाखव.”

इथे मी कॅमेऱ्याची पाठ दाखवली. आत्याने ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने ती गॅसचं सिलिंडर हलकं आणणाऱ्याकडे बघते. मी विषय बदलायला म्हणालो की नावातला जी सोन्याचा आहे, आतल्या जोडांना सोन्याचा मुलामा असतो. त्यावर ती पटकन म्हणाली, “मग जुन्या बाजारात कसा?” काकांनी प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि कॅमेरा हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला.

एक गोष्ट मात्र हा कॅमेरा प्रामाणिकपणे सांगतो. एसएलआरमध्ये फोटो निघताना आरसा वर उडतो आणि नेमक्या त्या क्षणी आपल्याला अंधार दिसतो. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही, त्यामुळे फोटोचा क्षण उघड्या खिडकीतून बघता येतो. आत्याचे डोळे मिटलेले मी याचि देही याचि डोळा पाहिले. हे तिला सांगायचं कसं, याबद्दल माहितीपुस्तिका गप्प आहे.

रेंजफाइंडर घेणारा प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात फ्रेंच छायाचित्रकार आरी कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेतो. मीही घेतलं. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींच्या हत्येच्या काही वेळ आधी तो त्यांना भेटला होता आणि त्यानंतर अंत्ययात्रेची छायाचित्रं काढली, तीही अशाच जातीच्या छोट्या लायका कॅमेऱ्याने. लोकांच्या नजरेत भरू नये म्हणून तो कॅमेऱ्याच्या चकाकत्या भागांवर काळी पट्टी चिकटवायचा. मीही चिकटवली. आत्याकडे प्रत्येक पाहुण्याने विचारलं, “कुठे आपटलात का?” नजरेत न भरण्याची ही तऱ्हा पॅरिसच्या रस्त्यावर चालत असेल, आमच्या नातेवाइकांत नाही.

रोल आता मुंबईच्या एका लॅबमध्ये धुवायला गेला आहे. एके काळी ‘एका तासात फोटो’ची पाटी गल्लोगल्ली होती, आता कुरिअर. आत्या दर दोन दिवसांनी फोन करून विचारते. बोलण्याच्या भरात मी तिला सांगून बसलो की रंगीत रोल ३८ अंशांच्या आसपास गरम रसायनात घालतात आणि मुख्य काम तीन मिनिटं पंधरा सेकंदांत होतं. तिने हिशेब केला. “तेवढ्यात माझा रवा भाजून होत नाही. मग हे लोक करतात काय?” मी म्हणालो, रोल साठले की एकदम धुतात. ती म्हणाली, “मग आपल्याच घरी धुवायचा. गिझर आहे.”

तोवर घरच्या ग्रुपवर सत्यनारायणाचे फोटो येऊन पडले, सगळे भाच्याच्या मोबाइलमधले. आत्या प्रत्येकात सुरेख, चष्म्याला काड्या दोनच आणि दोन्ही कानांवर. शेवटचा फोटो माझा आहे. एक गुडघा प्रसादाच्या ताटाजवळ टेकलेला, जीभ ओठांच्या कोपऱ्यात, उजवा डोळा कॅमेऱ्याआड, डावा घट्ट मिटलेला आणि डोक्यावर पिवळ्या दिव्याचा उजेड.

खाली आत्याने लिहिलंय, “याचे डोळे मिटलेत, दुसरा टाका.”