आधी हॉल की आधी केटरर? एका केटररदादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

लग्नासाठी हॉल आणि केटरर कसा ठरवावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. तुमची वीस वर्षं या धंद्यात गेली आणि मी घरातल्या तीन लग्नांची धावपळ केलेली बाई. त्यामुळे अनुभव कुणाचा मोठा, हा वादाचा मुद्दाच नाही.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दादांचं म्हणणं असं, की मी चवीला शेवटच्या बाकावर बसवलं. हॉल आणि केटरर एकदमच ठरवा म्हणणं अव्यवहारी आहे, कारण तारखेला हॉल मिळाला की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, बाकीचं मग. दुसऱ्याच्या समारंभात जाऊन जेवण संपताना अन्न कसं दिसतं ते पाहून या, हा सल्ला असभ्य आहे. आणि एकूणच मी वाचकांना संशयी करून सोडलंय. ‘परवा एक गिऱ्हाईक खिशात थर्मामीटर घेऊन आलं’ हे तुमचं वाक्य वाचून हसू आलं आणि ओशाळायलाही झालं.

मान्य करायचं ते आधी करते. दुसऱ्याच्या कार्यात डोकावण्याचा सल्ला चुकलाच. लेखातून काढला. केटररनेच यजमानाची परवानगी काढून आपल्याला एखाद्या कामावर न्यावं, आपण मागच्या बाजूला उभं राहून तासभर पाहावं आणि न जेवता परत यावं, असं आता लिहिलंय. थर्मामीटर न्या असं मी लिहिलं नव्हतं. ‘केटररकडे थर्मामीटर आहे का, एवढं विचारा’ असं लिहिलं होतं. पण वाचणाऱ्याला ते तसं पोचलं नसेल तर लिहिण्यात काहीतरी कमी पडलं, हेही खरं.

चवीबद्दल मात्र मी मागे हटत नाही.

टेस्टिंगला तुम्ही आम्हाला सहा-आठ जणांचं जेवण करून घालता. ते लहान भांड्यात होतं, तुमचा सगळ्यात चांगला आचारी समोर उभा असतो आणि चुलीवरून उतरल्यापासून पाच मिनिटांत आमच्या ताटात पडतं. लग्नात तेच जेवण चारशे-पाचशे माणसांचं असतं. भांडं सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं तर आतला माल आठपट होतो, पण बाहेरचा पृष्ठभाग चारपटच. म्हणजे उष्णता साठते खूप आणि बाहेर पडायला वाट कमी. मोठं पातेलं झाकून ठेवलं की मधला भाग तासन् तास कोमट राहतो, आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं पोस्टरवर छापली, त्यातलं एक याच गोष्टीवर आहे: शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत 60 अंश सेल्सिअसच्या वर किंवा साठवताना 5 अंशांच्या खाली ठेवा, आणि बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू मोठ्या भांड्यांतच डाव साधतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जंतू, उकळूनही मरत नाहीत, आणि अन्न पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळलं तर त्याची संख्या साधारण दहा मिनिटांत दुप्पट होते.

तुम्ही लिहिलंत, ‘वीस वर्षांत माझ्या जेवणाची एकही तक्रार नाही.’ तुमच्याबाबतीत ते खरं असेल, मला शंका घ्यायची नाही. पण हा जंतू त्रास देतो तो जेवल्यावर सहा ते चोवीस तासांनी. तोवर पाहुणे आपापल्या घरी पोचलेले असतात, आणि प्रत्येक जण म्हणतो, ‘जागरण झालं, प्रवास झाला, पोट बिघडलं.’ तक्रार करायला कोण येणार? आणि ‘पुन्हा दणदणीत गरम केलं की झालं’ हेही दरवेळी चालत नाही. शिजवून बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा दुसरा जंतू जे उलट्यांचं विष तयार करतो ते पुन्हा उकळूनही जात नाही. चवीला तो भात अगदी नेहमीसारखा लागतो. आता सांगा, चवीवर पहिला नंबर कसा देऊ?

चव बघायचीच. पण ती नापास करायला बघायची. टेस्टिंगलाच जो चांगलं घालू शकत नाही त्याला यादीतून काढा. पास करण्यासाठी मात्र दुसरे प्रश्न हवेत: शिजवायला सुरुवात किती वाजता, कुठे, आणि चुलीपासून ताटापर्यंत वाट कशी? वाटेचं मी इतकं का लावून धरते, ते सांगते.

धाकट्या भावाच्या लग्नात हॉल आम्ही आधी घेतला. सुंदर होता. जेवणाची जागा दुसऱ्या मजल्यावर, भटारखाना तळमजल्याला, मागच्या बाजूला. बघायला गेलो तेव्हा व्यवस्थापकाने सांगितलं, ‘मागे सामानाची लिफ्ट आहे.’ आम्ही मान डोलावली. मागे कुणी गेलंच नाही, कारण पुढे छताचे दिवे बघण्यात सगळे रमले होते. केटरर आमच्या पसंतीचा, चवीला उत्तम, टेस्टिंगला दोनदा वाढून घेतलेला. लग्नाच्या दिवशी पहिली माणसं जेवायला वळली तेव्हा मी काहीतरी निरोप द्यायला मागे गेले. लिफ्टच्या दारात दोन पोरं एक भलं मोठं पातेलं धरून उभी होती. एकदा सरळ घालून पाहिलं, एकदा कान फिरवून, एकदा जरा तिरकं करून. तिरकं करताना काठावरून रस्सा सांडला आणि एकाच्या मनगटावर आला. तो ओरडला नाही. नुसतं मनगट सदऱ्याला पुसून त्याने पुन्हा कान धरला. आचारी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून म्हणाला, ‘छोट्या डब्यांत काढा.’ मग डबे शोधणं आलं, ओतणं आलं, आणि दोन मजले जिना चढणं आलं. वर पोचेपर्यंत उघड्या, उथळ डब्यांतलं सगळं निवलेलं. मोठ्या भांड्यात अन्न निवत नाही ही एक पंचाईत, आणि लहान उघड्या भांड्यात चटकन निवतं ही दुसरी. आमच्या वाट्याला दुसरी आली, ते नशीबच म्हणायचं.

लोकांनी नावं ठेवली ती केटररला. ‘जेवण गार होतं.’ त्या माणसाची काय चूक? त्याने तो हॉल आधी पाहिलाच नव्हता, कारण त्याला बोलावलं तेव्हा हॉल ठरून महिना झाला होता. लग्नानंतर पंधरा दिवसांनी अनामत परत घ्यायला गेले तेव्हा पर्समध्ये शिवणकामाची टेप होती. लिफ्टच्या दाराची रुंदी भरली 28 इंच.

तर दादा, ‘हॉल आणि केटरर एकदम’ हे माझं म्हणणं त्या टेपमधून आलंय. तारीख आणि हॉल यांची घाई मला कळते. मी म्हणते ते इतकंच, की हॉलला विसार देण्याआधी डोक्यात असलेल्या दोन केटररपैकी एकाला तरी सोबत नेऊन मागचं दार दाखवा. अर्ध्या तासाचं काम आहे. पाण्याचा नळ चुलीपासून किती लांब, सांडपाणी कुठे जातं, टेम्पो दारापर्यंत येतो की भांडी हातगाड्यावरून आणायची, दिवे गेले तर जनरेटर फक्त मांडवापुरता आहे की भटारखान्यालाही, हे तुमच्यासारख्या माणसाला एका फेरीत दिसतं. आम्हाला दहा फेऱ्यांत दिसत नाही, आम्ही पडद्यांचा रंग बघत बसतो. आणि हॉलवाल्याने स्वतःचाच केटरर घ्या अशी अट घातली, किंवा बाहेरचा आणला तर वेगळं शुल्क लावलं, तर ते विसाराआधी कळलेलं बरं. नंतर कळलं की भाव करायची जागाच राहत नाही.

त्याच फेरीत जेवणाच्या जागेचंही माप घ्या. ‘हजार माणसांचा हॉल’ हा आकडा बहुतेक वेळा खुर्च्यांच्या रांगा लावून काढलेला असतो. टेबलं मांडली की माणशी जागा साधारण दुप्पट लागते. पाच फुटी गोल टेबलाचा घेर 188 इंच. आठ जण बसले तर प्रत्येकाला साडेतेवीस इंच, दहा बसवले तर एकोणीसही नाहीत. एकोणीस इंचांत जेवता येतं, पण शेजाऱ्याच्या कोपराशी ओळख होते. आणि दारं मोजा. घाबरलेला माणूस ज्या दाराने आला त्याच दाराकडे धावतो, म्हणून दुसरं दार नुसतं असून भागत नाही. ते दिसलं पाहिजे, उघडं पाहिजे, आणि त्याच्यासमोर सजावटीची कमान नको.

बुफेच्या रांगेबद्दल मी जे लिहिलं त्याला तुम्ही ‘कारखान्याचं गणित’ म्हणालात. असू दे की कारखान्याचं. रांग चालते ती सगळ्यात संथ पदार्थाच्या चालीने. त्या एका पदार्थापाशी माणूस पंधरा सेकंद थांबला तर मिनिटाला चार माणसं पुढे सरकतात, म्हणजे चारशे माणसांना एका रांगेत शंभर मिनिटं. चार रांगा केल्या तर पंचवीस. त्याच रांगेत आणखी सहा पदार्थ वाढवले तर यजमानाची छाती फुगते, रांग मात्र जागची हलत नाही. समोर गरम काढून देण्याचं काउंटर तर हमखास संथ. माणशी चाळीस सेकंद धरले तरी तासाला नव्वदच माणसं. ते मुख्य रांगेत बसवलं की सगळी रांग त्याच्या दावणीला बांधली जाते. बाजूला, एकटं ठेवा. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे, मग गिऱ्हाइकाला का सांगत नाही? गिऱ्हाईक पदार्थांची संख्या विचारतं आणि तुम्ही संख्या सांगता, रांगा किती ते कुणीच बोलत नाही.

एका बाबतीत मात्र तुमच्या प्रतिक्रियेने माझे डोळे उघडले. तुम्ही लिहिलंत, ‘चारशे सांगतात, साडेपाचशे येतात, आणि कमी पडलं की आमच्या नावाने शंख.’ माझ्या मूळ लेखात यजमानाच्या बाजूचे दोष जवळपास नव्हतेच. ती माझी लबाडी नव्हती, आंधळेपणा होता. आमच्याच घरी असं झालंय. बाबांनी केटररला आकडा मुद्दाम कमी सांगितला होता, ‘तो जास्तच बनवतो’ या हिशेबाने. त्या केटररने ते ओळखून जास्त बनवलं, ताटं मोजायची वेळ आली तेव्हा दोघांची तोंडं फुगली, आणि शेवटी मिटवलं मामांनी. म्हणून लेखात आता चार ओळी वाढवल्यात: किमान किती ताटांचे पैसे काहीही झालं तरी द्यायचे, अंतिम आकडा किती दिवस आधी सांगायचा, त्यावर किती ताटं जादा तयार ठेवायची, आणि ताटं मोजताना दोन्हीकडचा एकेक माणूस उभा राहणार की नाही. वाढपी, फोटोवाले, गाडीवाले यांची जेवणं त्या आकड्यात धरली आहेत का, हेही. भांडणं तिथेच होतात.

लेखी करारावरून तुम्ही दुखावलात, ते कळतंय. ‘आमचा शब्द पुरत नाही का?’ शब्द पुरतो हो. पण ठरवताना तुमच्याशी बोलतो माझा काका, पैसे देते माझी आई, आणि लग्नाच्या दिवशी तुमच्या जागी तुमचा पुतण्या उभा असतो. तुमचा शब्द त्या पुतण्यापर्यंत पोचायला कागद लागतो. तुमच्याच दुसऱ्या एका वाक्यात, ‘आयत्या वेळी पदार्थ बदलून मागतात’ या तक्रारीत, तुमच्या बाजूने कागद किती उपयोगी पडेल ते बघा.

शेंगदाणे, तीळ, दूध, गहू, अंडी यांची ॲलर्जी असलेल्या पाहुण्यांबद्दल तुम्ही लिहिलंत की ‘हे नवीन फॅड आहे’. इथे मी तुमच्याशी भांडेन. नावड आणि ॲलर्जी यांत फरक आहे. एकाच पळीने दोन भांड्यांतलं वाढलं तरी एखाद्याचा घसा सुजू शकतो. ॲलर्जीच्या पदार्थाशेजारी चिठ्ठी आणि प्रत्येक भांड्याला वेगळी पळी, एवढ्याने बरंच साधतं आणि खर्च जवळपास नाहीच.

मूळ लेखातले बेचाळीस प्रश्न मी कमी करून अकरावर आणलेत. खरं तर अकराही जास्तच आहेत, पण आणखी कापवत नाहीत. त्याखाली ‘केटररला यजमानाकडून काय हवं असतं’ असा एक भाग मोकळा ठेवलाय. तो मी लिहिण्यात अर्थ नाही. तुम्ही तुमच्या भाषेत लिहून पाठवा, एक शब्दही न बदलता टाकते, माझ्यावरची टीका त्यात असली तरी. आणि पाठवाल तेव्हा तुमच्या सगळ्यात मोठ्या पातेल्याचं तोंड किती इंचांचं आहे, कान धरून, तेवढं नक्की कळवा.