पुस्तक सुचव म्हणायचं आणि पीडीएफ मागायची!

गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांच्या पुस्तकाची बांधणी मोडली. वाळवीनं नाही, पावसानं नाही, कुणाच्या हातून पडून नाही. मावसभावानं मोडली, स्कॅन करताना. का, तर पीडीएफ करायची होती!

डोकं अजून शांत होत नाहीये म्हणून लिहितेय. ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे आणि गणपतीला चाकरमानी येतात, त्यांना पुढचं निम्मं सांगायची गरजच नाही.

विचारलं त्यानंच होतं. "ताई, कोकणावरचं एखादं मस्त पुस्तक सुचव ना, लेकीला द्यायचंय. कॉलेजला गेली आता, मराठी वाचायचं म्हणतेय." मला बरं वाटलं. का नाही वाटणार? असं विचारणारी माणसं उरलीत किती? आरत्या आटोपल्यावर रात्री मी कपाटापुढे बसले. 'तुंबाडचे खोत' काढलं, परत ठेवलं. सुरुवातीलाच दोन खंड नकोत. चिं. त्र्यं. खानोलकर काढले, तेही ठेवले. त्यांच्याकडे ती थोडी उशिरा गेलेली बरी. जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' जवळजवळ ठरलं होतं, पण त्यातली माणसं पुरती कळायला तळकोकणातली बोली थोडी कानावरून गेलेली हवी. शेवटी श्री. ना. पेंडशांचं 'गारंबीचा बापू' काढलं. १९५२ सालची कादंबरी, पण अख्ख्या गावाच्या डोळ्याला डोळा भिडवणारा तो बापू आजच्या मुलीलाही सोडत नाही. शिवाय सगळा मुलूख आमच्याच दापोलीकडचा. वाचून झालं की गाडीत बसवून दाखवता आला असता.

पुस्तक सुचवायचं म्हणजे हे सगळं करावं लागतं. समोरचं माणूस कोण आहे, त्याचं वय काय, त्याला आत्ता काय पेलेल, काय झेपणार नाही, हे सगळं डोक्यात घोळवावं लागतं. तोंडाला येईल ते नाव फेकणं म्हणजे सुचवणं नव्हे.

प्रत वडिलांची होती. पहिल्या पानावर शाईच्या पेनानं सही आणि तारीख. दर पावसाळ्याआधी मी तिचा खाकी कागद बदलते, शेजारी वेखंडाचा तुकडा ठेवते, कारण आमच्याकडे जून लागला की बंद कपाटातलं पुस्तकही दमट होतं आणि कसर कुठून शिरते ते कळत नाही. ती प्रत मी पोरीच्या हातात दिली. आणि पोरगी वाचायला लागली हो! झोपाळ्यावर पाय वर घेऊन, ओळीखाली बोट धरून, अडलं की "आत्या, खोत म्हणजे नक्की कोण?" असं विचारत. गावचा सारा वसूल करणारा वतनदार गं, मी सांगायचे. इंग्रजी शाळेतली मुलगी, एकेका पानाला वेळ लागत होता, पण वाचत होती. मी भात टाकायला आत गेले तरी लक्ष सगळं झोपाळ्याकडे.

दुपारी पापलेटं हाणून हा ओटीवर आला. सरळ तिच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. "थांब गं, आधी स्कॅन करू दे, मग आरामात फोनवर वाच." मी बाहेर येईपर्यंत यानं पुस्तक जमिनीवर उताणं पसरलं होतं, एका तळहातानं मधोमध दाबत होता, दुसऱ्या हातात फोन. पान सपाट येईना म्हणून मग गुडघा टेकवला. गुडघा! 'कट्' आवाज मला दारात ऐकू आला. जुनी शिवणीची बांधणी ती. दोरा तुटला आणि सोळा पानांचा एक फर्मा सुटून त्याच्या मांडीवर आला.

मी ओरडले. तर म्हणतो काय, "अगं ताई, जुनंच होतं ते. आता पीडीएफ झाली की कायमचं राहील."

कायमचं! माझे वडील गेले तरी जे राहिलं होतं, ते तुझ्या गुडघ्याखाली आलं आणि मला सांगतोस कायमचं राहील? फोन बदललास की मागचे फोटोसुद्धा तुला सापडत नाहीत, दरवर्षी मला विचारतोस गणपतीचे जुने फोटो आहेत का म्हणून!

संध्याकाळी ती फाईल घरच्या ग्रुपवर आली. 'कोकणावरील दुर्मीळ पुस्तक. जरूर वाचा, पुढे पाठवा.' दुर्मीळ कुठून आलं? दुकानात मिळतं, घरपोच येतं, दुपारी जी पापलेटं संपवलीस त्यातल्या एका जोडीच्या पैशात येतं. मी फाईल उघडून बघितली. पानोपानी याचा अंगठा. काही पानं तिरकी, काहींची शेवटची ओळ कापलेली, सुटलेल्या फर्म्याची पानं पुढची मागे आणि मागची पुढे. आणि सगळ्यात आधी माझ्या वडिलांची सही, आता कुणाकुणाच्या फोनमध्ये पडलेली. खाली अंगठे, जोडलेले हात, 'खूप छान', 'धन्यवाद दादा'. वाचलं कुणी? एकानंही नाही. जी एकटी खरंच वाचत होती तिच्या हातातून काढून घेऊन ते सगळ्यांना वाटलं. पोरगी डोंबिवलीला गेली. परवा फोनवर विचारलं, पुढे वाचलंस का गं? म्हणाली, "आत्या, अक्षरं फार बारीक दिसतात. मोठी केली की ओळ बाहेर जाते. सोडून दिलं." मी त्याच दिवशी नवी प्रत मागवली आणि तिच्या नावानं पाठवली. तिच्या नावानं, बापाच्या नाही.

त्याला मी सांगून बघितलं. बाबा रे, पेंडसे २००७ साली गेले. लेखक गेल्यावर ६० वर्षं त्याच्या लिखाणावर वारसांचा हक्क असतो, म्हणजे २०६७ साल संपेपर्यंत हे असं वाटत सुटणं ही चोरी आहे. तर उत्तर काय? "एवढं कोण बघतंय?" आंब्याच्या पेटीत वरच्या थराखाली चार बारकी फळं निघाली की हाच माणूस बागायतदाराला फोनवर अर्धा तास ऐकवतो. तिथे फळाफळाचा हिशेब, आणि लेखकाच्या पैशाला कोण बघतंय! बरं, फुकटच हवं तर तेही आहे. साने गुरुजी १९५० साली गेले, २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांना मोकळं आहे. घे 'श्यामची आई' उतरवून, वाट गावभर, एका शब्दानं बोलणार नाही मी. त्यांचं पालगडही याच तालुक्यात. तर म्हणे, "ते लहानपणी झालं गं." म्हणजे जे फुकट आहे ते नको आणि जे फुकट नाही ते फुकट पाहिजे.

आता तोंड उघडलंच आहे तर बाकीचंही काढते.

कोकणावरचं सुचव म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना भूतच हवं असतं. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ ला सुरू झाली, माणसं आकेरीला तो वाडा बघायला लोटली. मालिकेवर माझा राग नाही, मीही बघितली. पण तेव्हापासून कुठलंही नाव घ्या, पुढचा प्रश्न "हॉरर आहे का?" खानोलकरांचं नाव काढलं तरी हॉरर आहे का! माणसाच्या आतला अंधार लिहिणाऱ्या लेखकाला तुम्ही वडावरच्या मुंज्याच्या रांगेत नेऊन बसवता? आणि 'तुंबाडचे खोत'चं तर विचारूच नका. "तो तुंबाड सिनेमा यावरच ना?" नाही! कादंबरी १९८७ ची, एका खोत घराण्याच्या पिढ्यांची. सिनेमा २०१८ चा, त्याची गोष्ट पूर्ण निराळी. कितीदा सांगायचं? एकानं तर पुस्तक माझ्याकडून नेलं आणि "यात हस्तर कुठे येतो?" म्हणून शंभराव्या पानावरून परत आणून दिलं. खोतीत माणसं माणसांचं काय काय करत होती ते त्या शंभर पानांत दिसलं नाही तुला, राक्षस शोधत होतास!

मग ते "मोठ्या पडद्यावरच बघायला हवा हं" वाले. मुंबईत बसून सांगायला काय जातं? घरातून खाली उतरलं की थिएटर. इथून पडदा गाठायचा तर घाट उतरा, खड्डे मोजा, शेवटची एसटी चुकली तर कुणाच्या तरी घरी मुक्काम करा, आणि तोवर सिनेमा निघून गेलेला. मराठी सिनेमा आठवडाभर टिकला तर नशीब. 'किल्ला' आमच्या किनाऱ्यावरचा सिनेमा. तो पाऊस आमचा, तो समुद्र आमचा, आणि मला तो बघायला मिळाला टीव्हीवर, मध्ये साबणाच्या जाहिराती घेऊन. त्यावर कुणीतरी चुकचुकून सांगतं, "छे, टीव्हीवर मजा नाही गं." माहितीये! मला माहितीये मजा नाही ते! थिएटर आणून द्या आमच्या तालुक्याला, मग सांगा.

आणि मालिकावाले. "पहिले चार भाग कळ काढ, मग रंगते." मी का कळ काढायची? इथे पावसात लाईट गेली की टॉवर गेला, टॉवर गेला की चक्र फिरत बसतं. एक भाग बघायला रात्र जाते, त्यात चार भाग कंटाळायचे? ज्यानं बनवलीय त्याला पहिल्या भागात धरून ठेवता येत नसेल तर ती मला सांगू नका.

पण गाण्यांचं जे झालं ते मला जास्त लागलं. याच गणपतीत वहिनी म्हणाली, "ताई, खरीखुरी कोकणी गाणी सुचवा ना, गाडीत लावायला." मी म्हटलं, सुचवायची कशाला, आज रात्री वाडीतली मुलं आपल्याच खळ्यात नाचायला येतायत. जाखडी आहे. पायात चाळ, मधे गाणारा बसतो ढोलकीवाल्याबरोबर, भोवती मुलांचा फेर. जाखडीत गाणाऱ्यांचे दोन पक्ष, तुरेवाले आणि शक्तीवाले. आमच्या शेजारच्या वाडीतला गाणारा तुरेवाला आहे. समोर शक्तीवाला असला की सवाल-जवाबात रात्र सरते. ही मुलं दिवसा मजुरीला जातात आणि श्रावणापासून रात्री तालमी करतात. वहिनी म्हणाली, "अय्या छान! यूट्यूबवर आहे का? लिंक पाठवा ना." रात्री मुलं आली. ढोलकी सुरू झाली, चाळ वाजायला लागले, पायाखालचं खळं हादरत होतं. आणि आमची पाहुणे मंडळी माजघरात फोनवर कुणीतरी सुचवलेला कार्यक्रम बघत बसली होती, आवाज मोठा करून, कारण बाहेरच्या ढोलकीनं त्यांना ऐकू येत नव्हतं! मी आत जाऊन तो फोन बंद केला. वहिनीला राग आला. येऊ दे.

ज्या रत्नागिरीत १८२८ साली वाचनालय निघालं तो हा जिल्हा. आमच्या गावच्या वाचनालयाची महिन्याची वर्गणी तुमच्या फोनच्या रिचार्जपेक्षा कितीतरी कमी आहे. तिथल्या बाई संध्याकाळी दिवा लावून बसतात, नवीन आलेली पुस्तकं पुढच्या टेबलावर मांडतात, आणि कुणी आत आलं तर कधी त्याला काय आवडलं होतं हे लक्षात ठेवून सांगतात, "हे न्या, तुमचं आहे." सुचवणं शिकायचं असेल तर त्यांच्याकडून शिका. मी मावसभावाला तिथे घेऊन गेले होते. त्यानं बाईंनाच विचारलं, "तुमच्याकडे सगळं स्कॅन केलेलं असेल ना?" बाई काही बोलल्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि आता दिवाळी तोंडावर आहे. मला माहितीये काय होणार. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तिथपासून ही रीत चालत आलीय. ते मूळचे आजगावकर, म्हणजे आपल्याच कोकणातले. तेव्हापासून माणसं पदरमोड करून अंक काढतायत. जाहिराती मिळत नाहीत, कागद महाग, टपाल महाग, तरी काढतायत. आणि अंक बाजारात येऊन चार दिवस होत नाहीत तोच कुणीतरी त्याची फाईल ग्रुपवर टाकतो, खाली 'शुभ दीपावली' लिहून. गेल्या वर्षी मी पैसे भरून मागवलेला अंक पोस्टानं माझ्या घरी पोचायच्या आधी त्याची फाईल माझ्या फोनवर आली होती, आणि ती पाठवणारा म्हणत होता, "तुला आवडतं म्हणून मुद्दाम पाठवलं." यंदा असली एक जरी फाईल आली तर मी अंकावरचा नंबर बघून त्या संपादकांना फोन लावणार आहे आणि पाठवणाऱ्याचं नाव, आडनाव, गाव सगळं सांगणार आहे. मग तो मावसभाऊ असो नाहीतर सख्खा.