कलम ४५ चा लांबलेला प्रवास
राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे सरकारने कारभार करताना पाळायची उद्दिष्टे, न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत म्हणून ती केवळ शोभेची आहेत, असे एका लेखात म्हटले आहे; ते मला मान्य नाही. कलम ३७ त्यांना राज्यकारभारात मूलभूत मानते. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे या तत्त्वांपैकीच मूळ कलम ४५ सांगत होते, पण त्याचा मूलभूत हक्क, कलम २१अ, व्हायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती यावी लागली. आम्हा कोल्हापूरकरांना हा विलंब अधिक खुपतो, कारण शाहू महाराजांनी १९१७ मध्येच संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. कलम २१अ सहा ते चौदा वयोगटापुरतेच असल्याने सहा वर्षांखालील मुले मात्र अजूनही मार्गदर्शक तत्त्वांच्याच भरवशावर आहेत.