आयोजक कोण?

मोर्चा काढायची कल्पना कोणाची, हे आता आमच्या इमारतीत कोणीच कबूल करत नाही. मागणी मात्र सगळ्यांची होती : मुख्य रस्त्याला पदपथ करा. निवेदनं देऊन झाली, फोटो पाठवून झाले, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "आता रस्त्यावर उतरल्याशिवाय पर्याय नाही." मी म्हटलं, "सर, पदपथ नाही म्हणून आपण रोज रस्त्यावरच उतरतो." हशा पिकला आणि त्या हशातच मला आयोजक नेमून टाकलं. माझ्याकडे प्रिंटर आहे, हे दुसरं कारण.

आयोजक म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारा, अशी माझी समजूत होती. सरकारदरबारी आयोजक म्हणजे नंतर ज्याचा पत्ता सापडतो तो.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी अर्जाचा विषय वाचला आणि पेनानेच आतली खोली दाखवली. "गोपनीयला जा." चारचौघांना कळावं एवढ्यासाठीच जे काढायचं, त्याची परवानगी गोपनीय शाखेत मागायची असते. तिथले हवालदार सौम्य, थकलेले गृहस्थ होते. अर्ज वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काका, माणसं किती येणार?"

"दोनशे तरी येतील," मी छाती पुढे काढून सांगितलं.

"दोनशे म्हणजे वाहतूक शाखेचं ना-हरकत लागेल. बंदोबस्त लावावा लागेल. स्वयंसेवकांची यादी, नाव-पत्ता-मोबाईलसह."

"मग पन्नास धरा."

"पन्नास माणसांसाठी रस्ता कशाला अडवता? निवेदन द्या आणि घरी जा की."

मागच्या भिंतीवर जमावबंदीचा आदेश चिकटवला होता. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम ३७. पाच किंवा अधिक माणसांनी विनापरवाना जमायचं नाही. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय हा आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, असं कायदाच सांगतो. म्हणून कॅलेंडरचं पान उलटावं तसा तो सोळाव्या दिवशी नवा निघतो. लग्न आणि अंत्ययात्रा यांना बहुधा सूट असते. ही बातमी इमारतीत पोचल्यावर वरात काढायचा प्रस्ताव आलाच. बँड सगळ्यांना पसंत होता. घोड्यावर बसायला एकही विवाहित माणूस तयार झाला नाही आणि अविवाहितांना आपल्या कार्यक्रमात रस नसतो, म्हणून तो बारगळला. मग हेडमास्तरांनी गणित मांडलं : चार-चारांचे गट करू, मध्ये अंतर ठेवू, म्हणजे जमाव होतच नाही. हवालदारांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "सर, पन्नास गट एकाच घोषणेला एकदम 'झालाच पाहिजे' म्हणाले, की मी त्यांना एकच धरणार."

तो आदेश मी उभ्या उभ्या पूर्ण वाचला. सरकारी वाङ्मयात इतकं रंगतदार काही क्वचितच सापडतं. शस्त्रं नकोत, तलवारी, भाले, दंडुके नकोत, हे समजलं. दगड जमा करायचे नाहीत. प्रेतं किंवा पुतळे यांचं प्रदर्शन करायचं नाही. आवेशी भाषण, हावभाव, सोंग, सगळंच बंद. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना पुतळा जाळायचाच होता, त्या हिरमुसल्या. तसाही आम्हाला पुतळा कोणाचा करायचा हे ठरवता आलं नसतं. न झालेल्या पदपथाचा पुतळा दिसणार कसा?

खरी अडचण काठीची होती. आदेशात लाठी-काठीला बंदी, म्हणून फलकाला दांडी चालत नाही. फलक हातात धरायचा किंवा सुतळीने गळ्यात अडकवायचा. पण आमच्या मोर्चातले निम्मे लोक काठीशिवाय जिन्यावरूनही उतरत नाहीत. शारीरिक दुर्बलतेमुळे ज्यांना काठी लागते त्यांना सूट आहे, हे त्याच आदेशात तळाला बारीक अक्षरात होतं. तरी हवालदार म्हणाले, "काठीवाल्यांची वेगळी यादी जोडा." त्या यादीत नाव घालताना आपल्याला दुर्बल म्हटलं म्हणून दोन आजोबा माझ्याशी अजून बोलत नाहीत.

घोषणांचा मसुदाही जोडायचा होता. हेडमास्तरांनी आधी शुद्धलेखन तपासलं, मग हवालदारांनी आशय. "'पदपथ करा, नाही तर...' इथे पुढे काय आहे?" मी म्हटलं, पुढे काहीच नाही, धमकी मोकळी सोडली आहे. "मोकळी नका सोडू. वरून विचारतात." शेवटी मंजूर झालेली घोषणा अशी होती : "पदपथ झालाच पाहिजे, ही नम्र विनंती!" ती म्हणताना मूठ नेमकी कुठल्या शब्दावर वर करायची, हे शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही.

ध्वनिक्षेपकाचा अर्ज निराळा. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम मी घरी वाचले. लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र. तिथे ढोल-ताशे सोडाच, गर्दी जमेल अशी नक्कलही करायची नाही. निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल. माणूस साधं बोलला तरी आवाज ६०च्या घरात जातो आणि आमचे हेडमास्तर आयुष्यभर शेवटच्या बाकासाठी बोलत आलेले. मी मार्गाचा नकाशा काढून शांतता क्षेत्रांची वर्तुळं आखली. आधी शाळा, मग रुग्णालय, पुढे न्यायालय. आवाज करायला मोकळा असा एकच पट्टा उरला. तो स्मशानभूमीच्या भिंतीलगतचा.

इथे हेडमास्तरांचा संयम संपला. ते सर्वोच्च न्यायालयाचा १९७२चा हिंमतलाल शहा खटल्याचा निकाल छापून घेऊन आले (प्रिंटर माझाच). अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांनी रस्त्यावरच्या सभेला परवानगी नाकारली होती, तीही याच १९५१च्या कायद्याखाली. तो तेव्हा मुंबई पोलीस कायदा होता. घटनापीठाने सांगितलं की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येईल, पण मनाला येईल तशी परवानगी नाकारण्याचा मोकळा अधिकार पोलिसांना देता येणार नाही. तसा नियम न्यायालयाने रद्दच केला. राज्यघटनेचं कलम १९ शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क देतं, हेही हेडमास्तरांनी बोट उंचावून सांगितलं. हवालदारांनी निकाल चाळला. "नियमन करता येईल, असं यातच लिहिलंय ना सर? मग मी एवढे दिवस दुसरं काय करतोय?"

खरं सांगायचं तर एकेक नियम सुटा पाहिला तर मला त्यात खोट काढता येत नाही. रुग्णवाहिकेला वाट हवीच. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या खिडकीखाली भोंगा नकोच. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान झालं तर जबाबदारी कोणाची, हे कोणी तरी लिहून द्यायला हवं. ते हमीपत्र मी दिलं, आणि त्या रात्री आपल्या मोर्चात बसची काच कोण फोडू शकेल याचा विचार करत जागा राहिलो. काठीच्या यादीतली दोन नावं डोळ्यांसमोर आली. माझी तक्रार नियमांबद्दल नाहीच, उत्तराबद्दल आहे. स्पष्ट "नाही" म्हणाले असते तर उच्च न्यायालयात तरी जाता आलं असतं. "वर पाठवलंय" याच्याविरुद्ध कुठे दाद मागायची?

परवानगी आली मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी, अटींची जंत्री घेऊन. त्याच लखोट्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ची नोटीसही होती. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ची असे, जुलै २०२४पासून १६८ची झाली. एका कागदावर मला मोर्चा काढायला परवानगी होती. दुसऱ्यावर, काही गडबड झाली तर मला आधीच बजावलं होतं असं समजण्यात येईल, असं होतं. दोन्हींवर सही एकाच साहेबांची. आणि अटींमध्ये ही अट : "वाहतुकीस अडथळा होऊ नये म्हणून मोर्चेकऱ्यांनी संपूर्ण मार्गावर पदपथाचाच वापर करावा."

मी हवालदारांना फोन लावला. बराच वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "काका, छापील अटी असतात त्या. तुम्ही कडेकडेने चाला."

मोर्चा झाला. आमच्यापेक्षा बंदोबस्त मोठा दिसत होता, कारण आमचे दोनशे लोक व्हॉट्सॲपवर होते. कार्यालयाच्या फाटकाशी सांगितलं गेलं की आत फक्त पाच जणांचं शिष्टमंडळ सोडणार. पाच माणसं बाहेर उभी राहिली तर जमाव, तीच आत गेली तर शिष्टमंडळ. आत साहेब बैठकीला गेले होते. आम्ही आवक खिडकीवर निवेदन दिलं, पोहोच घेतली. रस्ता नेमका कोणत्या विभागाकडे आहे, याची चौकशी सुरू आहे.

परवा सकाळी दारात पोलीस शिपाई. हातात पुन्हा १६८ची नोटीस, माझ्या नावाने.

"अहो, पण मी मोर्चा काढत नाहीये!"

"माहीत आहे काका. पण आमच्याकडे आयोजकांच्या यादीत तुमचं नाव आहे. या भागात कोणाचाही असला, तरी सगळ्यांना द्यावी लागते."

"कोणाचा आहे?"

"पलीकडच्या सोसायटीतल्या रहिवाशांचा. त्या रस्त्यावर सारखे मोर्चे निघतात, त्याने वाहतूक अडते, म्हणून निषेध मोर्चा आहे."

मी सही केली. परवानगी मिळाली का त्यांना, असं विचारलं.

"वर पाठवलंय," शिपाई म्हणाला. "अर्ज तुमचाच झेरॉक्स करून आणलाय त्यांनी. काठीवाल्यांच्या यादीसकट."