पुन्हा तेच, वाळलेल्या पेस्टवर नवी पेस्ट!

तिसरी वेळ आहे ही. आता खरंच डोकं फिरलंय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून पीसी दुरुस्त करून आणला, घरी प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर काढून बघतो तर प्रोसेसरवर जुनी, खडूसारखी वाळलेली थर्मल पेस्ट तशीच, आणि तिच्यावर नव्या पेस्टचा जाड लेप! कडेने ओघळून पार सॉकेटपर्यंत, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेपर्यंत, आलेला. अरे, पोळीला तूप लावताय का? प्रोसेसर आणि कूलर या दोन धातूंमधल्या बारीक फटींतली हवा घालवायची, म्हणजे उष्णता नीट कूलरकडे जाते, एवढंच तिचं काम. थर जाड झाला की उष्णता उलट अडते. वाटाण्याएवढा थेंब पुरतो.

आणि आधी जुनं पुसा ना! आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं फडकं, पाच मिनिटांचं काम. कूलरही सरळ वर खेचू नका हो. मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून हलकेच फिरवत सोडवा. माझ्या भावाचा एएम४ प्रोसेसर (एएमडी कंपनीचा, खालून पिना असलेला) असाच कूलरला चिकटून सॉकेटमधून उपसून आला, तीन पिना वाकल्या. मे महिन्याच्या उकाड्यात, पंखा बंद करून, ब्लेडच्या पात्याने त्या एकेक सरळ करत बसलो होतो.

काल पुन्हा प्रोसेसर ९५ अंशांवर. पैसे दुकानवाल्यांनी घेतले, पुसायचं मात्र मीच.